क्रिएटिव्ह ग्रोथ : न शिकवण्याची पन्नास वर्षं

फ्लॉरेन्स लुडिन्स-कॅट्झ चित्रकार आणि कलाशिक्षिका, त्यांचे पती इलायस कॅट्झ मानसशास्त्रज्ञ. १९७४ साली कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्व काठाला राहणाऱ्या या दांपत्याने घराच्या गॅरेजमध्ये टेबलं मांडली, कागद-रंग-ब्रश ठेवले आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या काही प्रौढ माणसांना बोलावून घेतलं. क्रिएटिव्ह ग्रोथ आर्ट सेंटर हे नाव मिळालेल्या त्या उद्योगाला २०२४ मध्ये पन्नास वर्षं झाली. आज ओकलंड शहरातल्या चोविसाव्या रस्त्यावर, ३५५ क्रमांकाच्या इमारतीत आठवडाभरात सुमारे १४० कलावंत कामाला येतात. त्यांतल्या काहींची कामं न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहेत, काहींची व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात लागली. अशा प्रकारची ही जगातली सर्वांत जुनी संस्था मानली जाते.

इथपर्यंतची हकिगत कुठल्याही स्मरणिकेत शोभेल. मला या संस्थेबद्दल कुतूहल आहे ते वेगळ्या कारणाने. इथे येणाऱ्याला कुणी काही शिकवायचं नाही, हे पहिल्या दिवशी ठरलं आणि पन्नास वर्षं पाळलं गेलं. संस्था म्हटली की अभ्यासक्रम आला, प्रगतिपुस्तक आलं, वार्षिक अहवालात ‘लाभार्थी’ आले. त्या सगळ्याला बाजूला ठेवून एखादी संस्था इतकी वर्षं चालते कशी, हा खरा प्रश्न आहे.

१९७४च्या सुमाराचा कॅलिफोर्निया डोळ्यांसमोर आणल्याशिवाय गॅरेजचं मोल कळत नाही. त्याआधीची कित्येक दशकं तिथली रीत ठरलेली होती. मूल डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलं, किंवा चार-पाच वर्षांचं झालं तरी बोलेना, की डॉक्टर आईवडिलांना सांगत : सरकारी संस्थेत ठेवा आणि बाकीच्या मुलांकडे लक्ष द्या. त्या संस्था गावाबाहेर असत, खाटांच्या रांगा शेकड्यांनी. आत गेलेली पुष्कळ माणसं पुन्हा बाहेर आली नाहीत. १९६०च्या दशकात ही व्यवस्था खिळखिळी व्हायला लागली. १९६९च्या लँटरमन कायद्याने राज्यभर विभागीय केंद्रं उभी राहिली आणि या माणसांची सोय त्यांच्या घराजवळ करणं ही सरकारची जबाबदारी झाली. वॉर्ड रिकामे होऊ लागले. माणसं भावाबहिणींकडे आली, छोट्या निवासांत आली. रात्रीची व्यवस्था लागली. दिवसाचं काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. जे होतं ते असं की एका मोठ्या खोलीत बसून स्क्रू मोजून पिशव्यांत भरायचे किंवा पाकिटं चिकटवायची. त्याची मजुरी किमान वेतनापेक्षा कमी दिली तरी चालेल, अशी सवलत अमेरिकेच्या १९३८च्या कायद्यातच होती.

गाव मात्र पेटलेलं होतं. ओकलंडशेजारच्या बर्कलीत एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या मित्रांनी १९७२ मध्ये अपंगांनी स्वतः चालवलेलं सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग काढलं होतं. १९७७च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत व्हीलचेअरवरच्या आंदोलकांनी आपल्या हक्कांसाठी जवळजवळ महिनाभर ठिय्या दिला, तेव्हा ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते त्यांना रोज गरम जेवण पोचवत होते. कॅट्झ दांपत्य याच हवेत वावरत होतं. फरक इतकाच की त्या चळवळीतली बहुतेक माणसं आपली बाजू स्वतः मांडू शकत होती. गॅरेजमध्ये येणाऱ्यांपैकी काहींना बोलताच येत नव्हतं. त्यांची बाजू कोण मांडणार? कॅट्झ दांपत्याने ती मांडण्याचा आवही आणला नाही. त्यांनी साहित्य मांडलं.

कितीही तीव्र अपंगत्व असलं तरी प्रत्येक माणसात निर्मितीची ताकद असते, हे त्यांचं गृहीतक होतं. ऐकायला गोड, भाषणात टाळ्या घेणारं वाक्य. त्यावर संस्था उभी करायची तर मात्र पुढचे प्रश्न रोकडे असतात. खोली केवढी हवी? (भरपूर मोठी, माणसाला फेऱ्या मारता आल्या पाहिजेत.) साहित्य कसलं? (कलावंत वापरतात तेच, मुलांचे खडू नकोत.) कर्मचारी कोण? इथे त्यांनी जो निर्णय घेतला त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. त्यांनी उपचारतज्ज्ञ नेमले नाहीत, विशेष शिक्षकही नेमले नाहीत. स्वतः चित्रं-शिल्पं करणारे कलावंत नेमले. त्यांचं काम म्हणजे चिकणमाती भिजवून ठेवणं, कात्रीला धार आहे की नाही पाहणं, कुणी लाकूड मागितलं तर ते कापून देणं आणि कुणी काहीच मागितलं नाही तर गप्प बसणं. इलायस स्वतः मानसशास्त्रज्ञ असून त्यांनी या जागेचा दवाखाना होऊ दिला नाही, याचं मला विशेष वाटतं. आपल्या पेशाच्या माणसाला आपल्याच दारात थांबवणं सोपं नसतं.

काही वर्षांत गॅरेज अपुरं पडलं. चोविसाव्या रस्त्यावर एक जुनं मोटार दुरुस्तीचं वर्कशॉप मिळालं. उंच छत, मोठ्या खिडक्या, सिमेंटची जमीन. रंग सांडला तरी कुणी ओरडणार नाही अशी जागा. १९७८ मध्ये संस्थेने स्वतःचं कलादालन सुरू केलं. अपंग कलावंतांच्या कामासाठीच असलेलं अमेरिकेतलं ते पहिलं दालन. दालन आणि स्टुडिओ एकाच छताखाली. चित्र बघायला आलेल्या माणसाला चित्रकारही दिसणार, त्याच्या हाताला लागलेल्या रंगासकट.

त्याच वर्षी ड्वाइट मॅकिंटॉश इथे आले. वय ७२. सोळाव्या वर्षी त्यांना संस्थेत ठेवण्यात आलं होतं आणि त्यांची पुढची छप्पन्न वर्षं तिथे गेली होती. त्यांनी बसगाड्या काढल्या, मुलगे काढले. शरीरं पारदर्शक, कपड्यांतून आतलं दिसणारी. चित्राच्या वरच्या अंगाला लपेटदार अक्षरांच्या ओळी धावत, पेन न उचलता लिहिलेल्या. त्या ओळी कुणालाही कधी वाचता आल्या नाहीत. १९९९ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्यावर कलाइतिहासकार जॉन मॅकग्रेगर यांचं अख्खं पुस्तक येऊन काही वर्षं झाली होती.

कॅट्झ दांपत्य एका संस्थेवर थांबलं नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी क्रिएटिव्ह ग्रोथ दुसऱ्यांच्या हाती सोपवलं आणि रिचमंडमध्ये आज नियाड म्हणून ओळखली जाणारी संस्था, तर सॅन फ्रान्सिस्कोत क्रिएटिव्हिटी एक्सप्लोर्ड, अशा आणखी दोन संस्था उभ्या केल्या. तिन्ही चालू आहेत. नियाडमधले मार्लन मलन २०१९च्या व्हिटनी बिएनालेत होते. आपण काढलेल्या संस्थेची खुर्ची वेळेवर सोडणारे संस्थापक कुठेच फार नसतात. आपल्याकडे तर मोजावेत इतकेच.

आता जुडिथ स्कॉट. क्रिएटिव्ह ग्रोथची वाटचाल लिहायची आणि जुडिथवर रेंगाळायचं नाही, असं होऊच शकत नाही.

१९४३ मध्ये ओहायो राज्यात जुळ्या मुली झाल्या, जॉइस आणि जुडिथ. जुडिथला डाउन सिंड्रोम होता. शिवाय तान्हेपणी आलेल्या तापात तिची श्रवणशक्ती गेली, आणि हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. सात वर्षांची असताना, १९५०च्या ऑक्टोबरमध्ये, तिला सरकारी संस्थेत पाठवण्यात आलं. तिथे तिची तोंडी प्रश्नांची बुद्धिचाचणी झाली. ऐकू न येणाऱ्या मुलीने काय उत्तरं द्यावीत? शिकण्यास अपात्र, असा शेरा बसला. तिथे तिने चित्र काढण्यासाठी खडू हातात घेतले तेव्हा, हिला काय कळणार म्हणून, ते काढून घेण्यात आले, असं जॉइसने पुढे लिहिलं आहे. पस्तीसएक वर्षं अशी गेली. १९८०च्या दशकाच्या मध्याला जॉइसने कायदेशीर पालकत्व मिळवून बहिणीला कॅलिफोर्नियात आणलं आणि १९८७ मध्ये ती क्रिएटिव्ह ग्रोथमध्ये येऊ लागली.

येऊन तिने काय केलं? काही नाही. कागदावर थोड्या रेघोट्या, थोडे गोल. मन लागत नव्हतं. एक वर्ष गेलं, दुसरं सरत आलं. मला संस्थेच्या इतिहासातली सर्वांत मोठी कामगिरी ही जवळजवळ दोन वर्षंच वाटतात. नंतरच्या प्रदर्शनांची, पुरस्कारांची यादी करणं सोपं आहे. त्या दोन वर्षांत कुठली नोंद करण्यासारखं काही घडलं नाही आणि तरीही कुणी तिला हाताला धरून फुलं काढायला लावलं नाही. कुठल्याही चांगल्या मनाच्या बाईंनी तिसऱ्या आठवड्यातच लावलं असतं.

मग सिल्व्हिया सेव्हंटी नावाच्या धाग्यांत काम करणाऱ्या कलावंत पाहुण्या म्हणून आल्या. त्यांनी कार्यशाळा घेतली. तिथे जे दाखवलं जात होतं त्याच्याकडे जुडिथने ढुंकूनही पाहिलं नाही. तिने काड्या उचलल्या आणि त्यांना लोकर, सूत, चिंध्या गुंडाळायला सुरुवात केली. त्या दिवसापासून २००५ मध्ये एकसष्टाव्या वर्षी ती गेली तोपर्यंत हे काम थांबलं नाही. दोनशेहून अधिक शिल्पं झाली.

एखादं शिल्प जवळून बघितलं की कामाची रीत कळते. आत एखादी वस्तू असते : खुर्ची, पंखा, सायकलचं चाक, मासिकांची चळत. स्टुडिओत हाताला लागेल ते ती उचलत असे. कुणाच्या किल्ल्याही गडप होत. त्या वस्तूभोवती पहिले वेढे घट्ट, आधारापुरते. मग रंग येतात. निळ्यावर जांभळा, त्यावर भगवा, आणि भगव्याच्या फटीतून खालचा निळा मुद्दाम दिसत राहील इतकीच जागा सोडलेली. मध्येच कापडाची पट्टी ओवून दुसऱ्या बाजूने बाहेर काढलेली, गाठ मारून सोडलेली. कोकणात बाळंतिणीसाठी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवताना आजी जशी एकही तुकडा वाया न घालवता रंगाशेजारी रंग बसवते, तितक्या सहज हाताचं हे काम आहे. फक्त इथे पांघरायचं काही नाही, झाकायचं आहे. आठवड्यामागून आठवडे एकच शिल्प चाले. संपलं की ती ते पुढे ढकलून देई आणि पुन्हा त्याच्याकडे बघत नसे. एका शिल्पात सुपरमार्केटमधली अख्खी ढकलगाडी आहे. एकदा लोकर मिळाली नाही, तर तिने हात पुसायचे कागदी रुमाल पिळून, गाठी मारून एक पांढरंफटक शिल्प केलं. रंगांच्या त्या सगळ्या गर्दीत ते एकटं पांढरं. मला तिच्या कामातलं तेच सर्वांत जास्त आवडतं, कारण तिला फक्त रंगीत लोकरीचं आकर्षण होतं, हा सोपा निष्कर्ष त्याने निकालात काढला.

ती स्वतःही रंगीत असे. डोक्याला झगझगीत रुमाल, टोप्या, गळ्यात मण्यांच्या माळा. शिल्पांना तिने नावं दिली नाहीत. बोलता येत नव्हतं, खुणांची भाषा कुणी शिकवली नव्हती, लिहिता येत नव्हतं. संग्रहालयांतल्या पाट्यांवर म्हणून ‘शीर्षक नाही’ एवढंच.

साहजिकच बोलणारे बाकीचे उरले. सुरुवातीच्या शिल्पांत दोन-दोन आकार शेजारी बांधलेले दिसतात. जुळ्या बहिणी, असं लोकांनी लगेच वाचलं. वेढ्यांत अडकलेल्या वस्तू म्हणजे संस्थेत कोंडलेलं बालपण, असंही वाचलं गेलं. मॅकग्रेगर यांनी १९९९ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं तेव्हा प्रश्न आणखी पुढे नेला : आपण कला करतो आहोत हे कर्त्यालाच ठाऊक नसेल, तर ती कला होते का? प्रश्न विद्वत्तेचा आहे, पण त्यात एक जुना शेरा लपलेला आहे असं मला वाटतं. अठरा वर्षं रोज येऊन बसणाऱ्या, रंग निवडणाऱ्या, काम पुरं झालं हे स्वतः ठरवणाऱ्या बाईला ‘ठाऊक नव्हतं’ असं म्हणायला आधार कोणता? तिने तसं सांगितलं नाही, हाच ना?

विद्वानांमध्ये मला पटलेली एक व्यक्ती आहे, इव्ह कोसोफ्स्की सेजविक. साहित्य आणि लैंगिकता यांवर लिहिणारी ही अमेरिकन विदुषी स्वतः धाग्यांत काम करत असे. लिऑन बोरेन्स्टाइन या छायाचित्रकाराने काढलेला जुडिथचा एक फोटो तिला भेटला : जुडिथने आपल्या शिल्पाला दोन्ही हातांनी मिठी मारलेली, चेहरा त्यात दडलेला. सेजविकने तो २००३च्या आपल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घेतला आणि हे पुस्तक आहे त्या रूपात जुळवायला त्या फोटोने आपल्याला ढकललं असं सांगितलं. फोटोतल्या बाईच्या मनात काय आहे हे सांगण्याचा हट्ट तिने धरला नाही. शिल्पाच्या आत काय आहे ते बघायला कुणी धागे उसवत नाही. आतल्या भावनेलाही तेवढी सभ्यता लागू व्हावी.

दडवलेलं आणि दाखवलेलं यांचा हा खेळ या इमारतीत अनेकांच्या कामात आहे, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. डॅन मिलर शब्दांवर शब्द लिहितात. विजेचे दिवे, हार्डवेअरच्या दुकानातल्या वस्तूंची नावं, आकडे, एकावर एक इतके की शेवटी कागदावर काळ्या-निळ्या ढगासारखं काहीतरी उरतं. प्रत्येक शब्द तिथे आहे आणि एकही वाचता येत नाही. डोनाल्ड मिचेल सुरुवातीला अख्खा कागद रेघांनी भरून टाकत. हळूहळू त्या रेघांतून माणसं वर आली, आता त्यांच्या चित्रांत माणसांची दाटी असते. जॉन हिल्टुनेन फॅशनच्या मासिकांतल्या ललना कापतात आणि त्यांच्या धडांवर कुत्र्या-मांजरांची, इतर प्राण्यांची डोकी चिकटवतात. कापणी इतकी सफाईदार असते की क्षणभर त्या बाईचं डोकं तसंच असावं असं वाटतं. हसू मग येतं. मोनिका व्हॅलेंटाइन यांना दिसत नाही. त्या फोमच्या ठोकळ्यांत टाचण्यांनी टिकल्या आणि मणी ओळीने खोचतात, लाल, पिवळे, हिरवे. रंग हाताला गरम-थंड लागतात म्हणून ओळखू येतात, असं त्या सांगतात.

स्वतःची ओळख हाच ज्यांचा उघड विषय आहे असे विल्यम स्कॉट. जुडिथशी नातं नाही, आडनावाचा योगायोग. सॅन फ्रान्सिस्कोच्या बेव्ह्यू-हंटर्स पॉइंट या कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्तीत ते वाढले. ते स्वतःचीच चित्रं काढतात, पण न जगलेल्या आयुष्यातली : असा मी असतो तर, असं माझं बालपण असतं तर. माणसापुरतं नव्याने घडवून त्यांचं समाधान होत नाही, ते अख्खं शहर नव्याने बांधतात. मोडकळीस आलेल्या वस्त्या पाडून तिथे उंच, स्वच्छ, गोड इमारती उभ्या करायच्या आणि त्या शहराला ‘प्रेझ फ्रिस्को’ म्हणायचं, ही योजना त्यांनी रंगांत आणि प्रतिकृतींत वर्षानुवर्षं मांडली आहे. भोळं वाटेल, पण नगररचनेच्या सरकारी आराखड्यांत तरी त्या वस्तीतल्या माणसांचे चेहरे कुठे असतात? स्कॉट यांच्या आराखड्यात असतात, हसरे आणि नीट कपडे केलेले.

सुझन जॅनो यांचा २०१८चा ‘क्वेश्चन्स’ हा व्हिडिओ आणखी सरळ आहे. कॅमेऱ्यासमोर त्या बसल्या आहेत आणि त्यांच्याच आवाजात त्यांना प्रश्न विचारले जात आहेत. त्या उत्तर देत नाहीत. आयुष्यभर डॉक्टरांनी, समाजसेवकांनी, सरकारी कारकुनांनी प्रश्न विचारलेल्या माणसाचं हे गप्प बसणं मला फार बोलकं वाटतं.

आता पैशाचं बोलू, कारण संस्थांच्या वाटचालीत तेवढंच पान नेहमी चिकटलेलं असतं. विकल्या गेलेल्या कामाची निम्मी रक्कम कलावंताला आणि निम्मी संस्थेला, हा इथला नियम. अमेरिकेतल्या व्यापारी गॅलऱ्यांतही साधारण हाच वाटा असतो, म्हणजे दयेची सूट नाही आणि कापाकापीही नाही. संस्थेचा रोजचा खर्च बराचसा सरकारी विभागीय केंद्रांकडून येतो. २००० सालाच्या सुमारास टॉम डी मारिया संचालक झाले आणि पुढची दोनएक दशकं त्यांनी हे काम समकालीन कलेच्या बाजारात नेलं. न्यूयॉर्कच्या व्हाइट कॉलम्स या कलादालनाचे मॅथ्यू हिग्ज यांनी त्यांना साथ दिली. मिलर आणि विल्यम स्कॉट न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात गेले. २०१४-१५ मध्ये ब्रुकलिन म्युझियमने जुडिथचं मोठं प्रदर्शन केलं, तेही स्त्रीवादी कलेच्या विभागात. २०१७ मध्ये व्हेनिस बिएनालेच्या मुख्य प्रदर्शनात जुडिथ आणि डॅन मिलर दोघेही होते.

पण चित्र विकलं गेलं की कलावंताच्या हातात पैसे आले, इतकं हे सरळ नाही. अमेरिकेत अपंगत्वामुळे मिळणारा मासिक भत्ता ज्याला हवा, त्याच्या नावावर दोन हजार डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असता कामा नये. हा आकडा १९८९ पासून बदललेला नाही. म्हणजे एखाद्याचं एक चित्र बऱ्या किमतीला गेलं, तर पुढच्या महिन्यात त्याचा भत्ता, आणि त्याला जोडून आलेली वैद्यकीय सोय, दोन्ही धोक्यात. त्यावर विश्वस्त निधी करावे लागतात. २०१४च्या एबल कायद्यानंतर एक खास बचत खातं काढता येतं. यशस्वी कलावंताला यशापासून वाचवण्यासाठी वकील गाठावा लागावा, यापेक्षा मोठा विनोद हिल्टुनेनच्या कोलाजमध्येही सापडणार नाही.

विक्रीबद्दलचा दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ज्याला करार वाचता येत नाही त्याची संमती कोण घेणार? जुडिथच्या बाबतीत बहीण होती. सगळ्यांना अशी जॉइस मिळत नाही. संस्थेने घरच्यांना आणि पालकांना सोबत घेऊन हे निर्णय करण्याची वाट धरली. ती निर्दोष नाही. पण कामं कपाटात कुलूपबंद ठेवून पावित्र्य राखण्यापेक्षा मला ती बरी वाटते.

कलाजगताने या सगळ्यांना एका कप्प्यात टाकायचा प्रयत्न केला. फ्रेंच चित्रकार जाँ द्युब्युफे यांनी १९४५ पासून जमवलेली आर ब्रूत, म्हणजे ‘कच्ची’ कला, आणि समीक्षक रॉजर कार्डिनल यांनी १९७२ मध्ये इंग्रजीत रूढ केलेलं आउटसायडर आर्ट. एकांतात, कुणाशी संबंध न ठेवता, झपाटल्यासारखं काम करणारा कलावंत ही त्यामागची कल्पना. चोविसाव्या रस्त्यावर ती बसत नाही. इथे लोक बसने येतात, शेजाऱ्याचा ब्रश उचलतात, भांडतात, एकत्र जेवतात, तीस-तीस वर्षं त्याच टेबलाशी बसतात. वर्षातून एकदा ‘बियाँड ट्रेंड’ नावाचा फॅशन शो होतो. स्वतः रंगवलेले, शिवलेले, पिसं-बटणं-चिंध्या लावलेले कपडे घालून कलावंत रॅम्पवर चालतात, आणि लोक तिकीट काढून बघायला येतात. एकांत कसला त्यात!

२०२०च्या मार्चमध्ये करोनाने स्टुडिओला कुलूप लागलं. ज्या संस्थेचा सगळा भर एका खोलीत एकत्र बसण्यावर, तिला हे किती जड गेलं असेल ते सांगायला नको. साहित्य घरोघर पाठवलं गेलं, पडद्यावर वर्ग भरले.

पन्नासाव्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने एप्रिल ते ऑक्टोबर २०२४ या काळात ‘द हाउस दॅट आर्ट बिल्ट’ हे प्रदर्शन भरवलं आणि क्रिएटिव्ह ग्रोथच्या कलावंतांची शंभरावर कामं आपल्या कायम संग्रहासाठी घेतली. नियाड आणि क्रिएटिव्हिटी एक्सप्लोर्डमधूनही घेतली. विल्यम स्कॉट यांना संग्रहालयाच्या भिंतीवर ‘प्रेझ फ्रिस्को’ रंगवायला दिलं. मान मोठाच, पण हे संग्रहालय खाडीच्या त्या काठाला, पूल ओलांडला की आलं. एवढ्या अंतरासाठी पन्नास वर्षं लागली. त्याआधी न्यूयॉर्कचे आणि व्हेनिसचे लोक येऊन गेले होते.

आपल्याकडे महाराष्ट्रात विशेष मुलांच्या शाळा आणि प्रौढांच्या कार्यशाळा शेकड्यांनी आहेत, आणि त्या चालवणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. त्या काय करतात तेही आपल्याला ठाऊक आहे : पणत्या रंगवणं, मेणबत्त्या, उटण्याच्या पुड्या, कागदी पिशव्या, राख्या. त्यातून चार पैसे येतात, हात गुंततात, घरच्यांना दिवसाचा विसावा मिळतो. ते बंद करा असं कुणी म्हणणार नाही. पण प्रत्येक पणतीवर बाईंनी दाखवलेलीच नक्षी असते, आणि वाकडी झालेली पणती बाजूला काढलेली असते. कॅट्झ दांपत्याने १९९० मध्ये अशी केंद्रं कशी उभारावीत याचं एक पुस्तक लिहिलं. त्यात तत्त्वज्ञानापेक्षा जागा, माणसं आणि पैसा यांचा विचार जास्त आहे, आणि त्यातली पहिली पायरी फार खर्चाची नाही. एक टेबल, थोडं खरं साहित्य आणि गप्प बसू शकणारा एक कलावंत.

येत्या दिवाळीत अशा एखाद्या कार्यशाळेत पणत्या घ्यायला गेलात, तर पणत्या जरूर घ्या. पण निघण्यापूर्वी तिथल्या बाईंना एवढं विचारा, की यांच्यापैकी कुणी आपल्या मनाने काही केलंय का, आणि ते कुठे ठेवलंय. असेल तर बघायला मागा. विकत द्यायची तयारी असेल, तर किंमत कमी करून मागू नका.